‘नियोजन केलं की जमतं’ म्हणे!

‘वेळेचं नीट नियोजन केलं की नोकरी आणि घर दोन्ही जमतं’ हे वाक्य महिला दिनाच्या व्याख्यानांत हमखास ऐकू येतं. सल्ला बिनतोड वाटतो, फक्त दिला जातो चुकीच्या माणसाला. प्रश्न कौशल्याचा नाही, वाटणीचा आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार, अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशेब. बिनपगारी घरकामात बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं गेली, पुरुषांची ९७. ‘म्हणजे दीड तास करतातच की!’ म्हणणाऱ्यांनी तक्ता पुढे वाचलेला नसतो. ही सरासरी त्या दिवशी घरकामाला हात लावलेल्यांचीच. अशा बायका शंभरात ८१, पुरुष २६. उरलेल्या ७४ जणांचं शून्य धरलं की पुरुषामागे जेमतेम २५ मिनिटं येतात. बाईमागे तशाच हिशेबाने चार तास. २०२४ च्या पाहणीत २९९ चे २८९ झाले आणि ९७ चे ८८. कमी दोघांचंही झालं.

यावर आक्षेप येतो की बायकांच्या सरासरीत पूर्णवेळ गृहिणीही आहेत. खरं आहे. पण पुरुषांच्या सरासरीत निवृत्त, बेकार आणि रविवारी घरी लोळणारेही आहेतच, तरी चारातले तीन कोरडेच. दुसरा आक्षेप मिक्सर आणि वॉशिंग मशीनचा. यंत्र कपडे धुतं. वाळत कोण घालतं, घड्या कोण करतं? शिवाय उद्याच्या उसळीसाठी मटकी कालच भिजत घालायला हवी होती, हे आठवण्याचं काम कुठलंही बटण करत नाही. पाहणीच्या रकान्यातही ते मावत नाही. ज्याला ‘मदत करू का?’ विचारावं लागतं, त्याच्या डोक्यात मटकी नसतेच.

बाकीचे समज थोडक्यात. ‘आई नोकरीला गेली की मुलं वाया जातात’: ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’ने २०१० मध्ये छापलेल्या, मुख्यतः अमेरिकेतल्या ६९ अभ्यासांच्या आढाव्यात आईची नोकरी आणि मुलांचा अभ्यास वा वागणूक यांत मोजके अपवाद वगळता ठळक संबंध आढळला नाही. ‘गृहिणी काही कमवत नाही’: अपघाताच्या भरपाईसाठी तिच्या कामाचं मोल धरावंच लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये बजावलं, तेही याच पाहणीचा दाखला देऊन. ‘बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा आता सगळ्यांना आहे’: १० पेक्षा कमी माणसांच्या दुकानाला वा कचेरीला तो नियम लागू नाही. आणि जिच्या जिवावर अनेक घरांचं ‘नियोजन’ जमतं, त्या भांडी घासायला येणाऱ्या मावशींना तर नाहीच.