पावती जपून ठेवा!

आपल्याकडे कापडाच्या दुकानात गल्ल्याच्या वर एक पाटी हमखास असते : एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. आयुष्यभर ही पाटी वाचत आलेले आम्ही दोघे गेल्या जानेवारीत मुलाकडे शिकागोला गेलो. बाहेर थंडी शून्याच्या खाली. चिपळूणहून नेलेले स्वेटर तिथे रुमालाइतकेच कामाचे. मुलाने विमानतळावरून सरळ एका मोठ्या दुकानात नेले, दोन जाड कोट घेतले आणि पावती हातात देत म्हणाला, "अब्बा, ही जपून ठेवा. नव्वद दिवसांची मुदत आहे. तुम्ही जाताना कोट परत करून टाकू."

आम्हाला वाटले, थट्टा करतोय.

तिथे गाडीतून न उतरता औषध मिळते, बँकेचे काम होते, बर्गरही हातात येतो. दुकानात तर कोणाला काही मागावेच लागत नाही. पूर्वी अमेरिकेतही आपल्या किराणा दुकानासारखेच चालत असे; गिऱ्हाइकाने यादी वाचायची, दुकानदाराने फळीवरून माल काढून द्यायचा. १९१६ साली मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स याने 'पिगली विगली' नावाचे दुकान काढले आणि गिऱ्हाइकाच्या हातात टोपली देऊन त्याला फळ्यांमध्ये मोकळे सोडले. टोपली जड झाली की माणूस खरेदी थांबवतो, हे पुढे ओक्लाहोमा सिटीच्या सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराच्या लक्षात आले. त्याने १९३७ मध्ये चाकांची गाडी आणली. आम्ही दूध आणि अंडी आणायला गेलो आणि गाडी भरून परतलो. गोल्डमनसाहेबांचा हिशेब आजही चुकत नाही.

मुसलमान कुटुंबाला या मोकळ्या फिरण्यात एक काम जास्तीचे असते. पाकिटाची मागची बाजू वाचावी लागते. मुलांच्या मऊ गोळ्यांत, मार्शमेलोत, दह्याच्या काही डब्यांतसुद्धा जिलेटिन असते आणि ते बऱ्याचदा डुकराचे. सात वर्षांचा नातू आता स्वतःच वाचतो. चंद्रकोर आणि एम अक्षराचे चिन्ह दिसले की ओरडतो, "दादी, हे चालेल!" हे हलालचे चिन्ह शिकागो परिसरातल्याच इफान्का या संस्थेचे. गोश्तासाठी मात्र डेव्हन अ‍ॅव्हेन्यू गाठायचा. त्या एकाच रस्त्याच्या एका तुकड्याला गांधींचे नाव दिले आहे, दुसऱ्याला जिनांचे. आम्ही दोन्हींवरून चालत गेलो, पिशवीत खिमा घेऊन.

विरंगुळ्याचे म्हणाल तर थंडीत म्हातारी माणसे मॉलमध्ये जातात, पण खरेदीला नाही. सकाळी दुकाने उघडण्याआधी बूट बांधून आत फेऱ्या मारतात, कारण बाहेर बर्फावरून पाय घसरतो. आम्हीही मारल्या. पण आमचा जीव रमला तो वाचनालयात. गावात राहणाऱ्याला कार्ड फुकट, मुलांना मांडी घालून बसवून गोष्टी सांगणाऱ्या बाई, पुस्तके न्या तितकी. खर्च घरपट्टीतून निघतो. ही एक गोष्ट आपल्या नगरपालिकांनी उचलावी असे फार वाटले.

आता कोटांकडे येतो. त्या दुकानात परताव्याचा वेगळा काउंटर होता आणि नाताळच्या भेटी परत करणाऱ्यांची रांग जानेवारीतही हटली नव्हती. काही बिघाड आहे का? नाही, नको झाले. एवढ्यावर पैसे परत. काही लोक तर लग्नासाठी झगा नेतात, पट्टी आत खोचून एक रात्र घालतात आणि सोमवारी परत आणतात. या प्रकाराला तिथे 'वॉर्डरोबिंग' असे नावच पडले आहे.

जेवताना आम्ही विषय काढला. सून म्हणाली, "अम्मी, इथे सगळेच करतात." मुलाने वकिली केली, "दुकानदार स्वतःच परत घेतो म्हणतो, मग फसवणूक कुठे?"

प्रश्न बिनतोड वाटला. पस्तावलेल्या गिऱ्हाइकाचा सौदा परत फिरवून घेणाऱ्याच्या चुका अल्लाह माफ करील, अशी खूशखबर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. फिकहमध्ये याला 'इकाला' म्हणतात. म्हणजे तिथली ही रीत आपल्या त्या पाटीपेक्षा दीनच्या जवळची, हे मान्य करायलाच हवे. पण ही सवलत पस्तावलेल्यासाठी. घेतानाच परत करायची नियत असलेला माणूस कसला पस्तावलेला? तो कोट फुकट भाड्याने नेतो. वापरलेला माल पुन्हा फळीवर लागत नाही; बराचसा गठ्ठ्याने मातीमोल विकला जातो, काही कचऱ्यातही जातो. तो तोटा उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी पावतीत चढतो.

एवढे सगळे बोलून मुलगा हलला नाही. मग आमच्यातल्या अम्मीने साधेच विचारले, "काउंटरवरच्या पोरीने विचारले, घातला होता का, तर तू काय सांगशील?"

"ती विचारतच नाही, अम्मी."

"आणि विचारले तर?"

तो डाळ ओढून घेऊन जेवू लागला.

तिसऱ्या आठवड्यात एका कोटाची चेन खरोखरच तुटली. तो आम्ही बिनदिक्कत घेऊन गेलो. पोरीने काही न विचारता नवा दिला आणि वर माफीही मागितली. मुलगा शेजारी उभा होता. गाडीत बसल्यावर म्हणाला, "हा तरी चालला ना तुम्हाला?" आम्ही हसलो.

मार्चमध्ये निघायच्या आदल्या रात्री त्याने स्वयंपाकघराचा खण उघडला. पावती तिथे नव्हती. आम्ही ती केव्हाच फाडली होती. तो काही बोलला नाही. वजनकाट्यावर बॅगा चढवताना कोटांसाठी त्यानेच अम्मीचे दोन बदामांचे डबे बाहेर काढले.

कोट आता चिपळूणच्या कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या वासात लटकले आहेत. मे महिन्याच्या उकाड्यात शेजारची मुले येतात, ते घालून घामाघूम होतात आणि अमेरिका-अमेरिका खेळतात.