जलशाच्या मंचावरील संगणक : कोणी कोणासाठी थांबायचे?

जलशाच्या मंचावर लॅपटॉप दिसला, की आपल्यातील जाणत्या मंडळींच्या कपाळाला आठी पडते. ढोलकी, पेटी, डफ, मागे झील धरणारे दोघेतिघे आणि समोर मांडी घालून बसलेली वस्ती म्हणजे जलसा. ह्यात हे यंत्र कशाला, असा त्यांचा प्रश्न असतो. त्यांच्या नाराजीला कारण आहे. अलीकडे आयोजक शाहिराला सरळ सांगू लागले आहेत, ‘तुम्ही एकटेच या, ट्रॅकवर गा.’ ट्रॅक म्हणजे अगोदर मुद्रित करून ठेवलेली साथ. पेन ड्राइव्ह खोचला, बटन दाबले, की झाले. चार माणसांचे मानधन, गाडीभाडे आणि जेवण वाचते. ढोलकीवाला घरी बसतो. ह्या प्रकाराला माझाही विरोध आहे. पण तयार ट्रॅक लावणे आणि संगीतनिर्मितीचे सॉफ्टवेअर मंचावर प्रत्यक्ष वाजवणे ह्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपले कार्यकर्ते त्यांना एकाच पोत्यात भरतात, हे मला वरचेवर आढळते.

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, तेव्हा संगीताचे रीतसर शिक्षण वगैरे काही नाही. आमच्या भागातील एका कलापथकाचा लॅपटॉप मी गेली चार वर्षे सांभाळतो आहे. पुढे जे लिहितो आहे ते त्या चार वर्षांच्या आधारावर.

आधी ट्रॅकचा दोष नेमका कोठे आहे ते पाहू. ट्रॅकची लांबी ठरलेली असते. दोन कडवी, मध्ये सोळा मात्रांची साथ, पुन्हा मुखडा, शेवट. जलशातील गाणे असे कधीच चालत नाही. शाहीर एका ओळीवर येतो, समोरून कोणी म्हातारी ‘पुन्हा म्हण रे’ म्हणते, तो ती ओळ चार वेळा म्हणतो. मध्येच तो थांबतो, वस्तीतल्या पाण्याच्या नळाबद्दल बोलतो, शिष्यवृत्ती अडवून ठेवणाऱ्या कारकुनाबद्दल बोलतो, आणि लोक हसून सैल झाले की नेमक्या क्षणी पुन्हा सूर धरतो. हे बोलणे दोन मिनिटे चालेल की दहा, हे त्यालाही ठाऊक नसते. ट्रॅक मात्र कोणासाठी थांबत नाही. मग बोलणे आटपते घेतले जाते, म्हातारीचे ‘पुन्हा म्हण’ ऐकले न ऐकलेसे होते, आणि शाहीर यंत्राच्या मागे धावू लागतो. ज्या कलाप्रकाराचा जीवच समोरच्या माणसाशी चाललेल्या संवादात आहे, त्याची वाचा अशी बंद होते.

आता सॉफ्टवेअरकडे येऊ. संगीत मुद्रित करण्याची सॉफ्टवेअरे पूर्वीपासून होती. त्यांची रचना टेपसारखी : डावीकडून उजवीकडे सरकणारी काळाची एक पट्टी आणि तिच्यावर क्रमाने मांडलेले आवाज. १९९९ साली बर्लिनमध्ये गेरहार्ड बेलेस, रॉबर्ट हेन्के आणि बर्न्ड रोगेनडॉर्फ ह्यांनी एबलटन ही कंपनी सुरू केली आणि २००१ साली ‘लाइव्ह’ नावाचे सॉफ्टवेअर बाजारात आणले. बेलेस आणि हेन्के हे दोघे ‘मोनोलेक’ ह्या नावाने स्वतः संगीत करीत होते. मंचावर संगणक घेऊन उभे राहायचे तर काय लागते हे त्यांना स्वानुभवाने माहीत होते. त्यामुळे त्यांनी काळाच्या पट्टीबरोबर दुसरीही एक मांडणी दिली, आणि आपल्या कामाची आहे ती हीच.

बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी डोळ्यांसमोर आणा. उभी ओळ म्हणजे एक वाद्य किंवा एक आवाज. त्या ओळीतील प्रत्येक घरात त्या वाद्याचा एक तुकडा ठेवलेला असतो. त्याला क्लिप म्हणतात. क्लिप दाबली की वाजू लागते आणि दुसरे काही सांगेपर्यंत फिरून फिरून वाजत राहते. आडव्या ओळीला सीन म्हणतात. सीन दाबला की त्या ओळीतील सगळ्या क्लिपा एकदम सुरू होतात. खुबीची गोष्ट पुढेच आहे. तुम्ही क्लिप दाबता त्याच क्षणी ती वाजत नाही. चालू आवर्तन संपेपर्यंत ती दम धरते आणि नवे आवर्तन सुरू होताना येते. आपल्या भाषेत बोलायचे तर ती समेवर येते. दादरा असेल तर सहा मात्रांचे माप लावून ठेवा, रूपक असेल तर सातांचे. बोट जरा मागेपुढे पडले तरी सम चुकत नाही.

आमचे एक गीत मी असे मांडले आहे. ढोलकी आणि पेटी प्रत्यक्ष मंचावर आहेत. ती माणसे आहेत तेथेच आहेत. आमच्याजवळ जे नाही तेवढेच यंत्रातून येते : खालचा भरीव स्वर, दूरवर ऐकू येणारी हलगी, आणि वस्तीतील वीसेक बायांनी झील धरलेली आहे ती. त्या बाया दर कार्यक्रमाला गावोगाव येऊ शकत नाहीत. एका रविवारी समाजमंदिरात बसून त्यांचा आवाज मुद्रित केला. पहिला सीन मुखड्याचा, दुसरा अंतऱ्याचा, तिसरा निवेदनाचा. निवेदनाच्या सीनमध्ये फक्त खालचा स्वर आणि हलगीचा बारीक ठेका ठेवला आहे. शाहीर बोलत असेपर्यंत तो फिरत राहतो. त्याने डावा हात वर केला की मी पुढचा सीन दाबतो, आणि समेवर बायांची झील उठते. ती उठताना समोरच्या बायाही तोंड उघडतात, हे मी दर वेळी पाहिले आहे. लॅपटॉपच्या पडद्यावर माउस फिरवत बसण्यापेक्षा बटनांची एक पाटी जोडलेली बरी. २००९ सालापासून अशा चौसष्ट बटनांच्या पाट्या मिळतात. पायाने दाबायचे पेडल जोडले तर शाहीर स्वतःच सीन बदलू शकतो, मध्यस्थाची गरजच उरत नाही.

लयीचा प्रश्न जास्त नाजूक आहे. जलशातील बहुतेक चाली केरव्यात किंवा दादऱ्यात बसतात, पण बसतात म्हणजे घट्ट बसत नाहीत. सुरुवातीला मिनिटाला शंभराच्या आत असलेली लय शेवटच्या कडव्याला एकशेवीसच्या वर जाते, आणि ती जायलाच हवी. जुन्या टेपचा वेग वाढवला की सूरही चढायचा, आवाज चिमणीसारखा व्हायचा. ह्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचा तुकडा ताणता किंवा दाबता येतो आणि सूर तेथेच राहतो. म्हणून लय वाढवता येते. पण ती कोणी वाढवायची? आम्ही ती सत्ता ढोलकीवाल्याकडे ठेवली आहे. सॉफ्टवेअरमध्ये एक टॅपचे बटन असते. ढोलकीच्या ठेक्यावर ते चार वेळा दाबले की यंत्र ती लय घेते. २०२१ साली आलेल्या अकराव्या आवृत्तीपासून समोरचा ठेका ऐकून लय आपोआप धरण्याची सोयही आहे. कर्णे मोठ्याने वाजत असले की तिचा गोंधळ उडतो. मला बोटच बरे वाटते.

यंत्राचा एक हट्ट मात्र ओळखून असावे. मात्रांची त्याची चौकट काटेकोर, सरळ रेषेची असते. ढोलकीचे लांब मुद्रण आत घेतले, की ते आपण होऊन त्या चौकटीला जुळवू पाहते, आणि वादकाच्या बोटांतला जो किंचित लंगडा डौल असतो तो सपाट होतो. ही सोय बंद करता येते. इतकेच नव्हे, एखाद्या चांगल्या वादकाच्या मुद्रणातून तो डौल वेगळा काढून यंत्राच्या ठेक्याला देताही येतो. अमेरिकेतील डेट्रॉइटचा जे डिला हा कृष्णवर्णीय संगीतकार २००६ साली वारला. यंत्राने बीट सरळ करून देण्याची सोय नाकारून तो बोटाने ठेके वाजवीत असे. त्याचे ते यंत्र आज वॉशिंग्टनच्या आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

डिलाचे नाव मी सहज घेतलेले नाही. ‘हे परक्यांचे, गोऱ्यांचे यंत्र आहे’ असा दुसरा आक्षेप आपल्याकडे घेतला जातो. यंत्र बर्लिनमध्ये तयार झाले हे खरे. पण त्यात जी युक्ती आहे ती कोणाची? जमैकातील किंगस्टन शहरात किंग टबी हा ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा कारागीर होता. १९७० नंतरच्या काही वर्षांत त्याने ध्वनिमिश्रणाचे टेबल हेच वाद्य केले. मुद्रित गाण्यातला गायक मध्येच काढून घ्यायचा, नुसता ठेका उघडा ठेवायचा. त्याच किंगस्टनमधून बालपणी न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स वस्तीत आलेल्या कूल हर्कने ११ ऑगस्ट १९७३ रोजी बहिणीने ठेवलेल्या मेजवानीत रेकॉर्डी वाजवल्या. एकाच रेकॉर्डीच्या दोन प्रती दोन तबकड्यांवर ठेवून त्यातला ठेक्याचा तेवढा भाग लांबवत नेण्याची पद्धत त्याने रूढ केली. आपण ज्याला क्लिप फिरत ठेवणे म्हणतो ते हेच. डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय तरुणांनी टेक्नो संगीत उभे केले. बर्लिनची भिंत पडल्यानंतर १९९१ साली तेथे सुरू झालेल्या ट्रेझर ह्या क्लबने पहिली रेकॉर्ड काढली तीही डेट्रॉइटच्या ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’च्या मंडळींची. मोनोलेक ह्याच बर्लिनमधले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव ब्लॅक पँथरकडून घेतले होते, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. तंत्राच्या बाबतीतच एवढा सोवळेपणा का?

परकेपणाची भाषा आपल्या देशात कोणी आणि कशासाठी वापरली हेही जाता जाता पाहावे. पेटी परदेशी आहे, तिच्यात श्रुती नाहीत, म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली. ती काही अंशी उठायला १९७१ साल उजाडले. ती तीस वर्षे जलशांतून पेटी वाजतच होती.

तांत्रिक अडचणींपैकी एक विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावी, ती म्हणजे विलंब. संगणक आवाज एकेका थेंबाने देत नाही, बादली भरून देतो. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात. १,०२४ नमुन्यांची बादली असेल तर ती भरायला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात, १२८ ची असेल तर तीनच्या आत. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे २३ मिलिसेकंदांचा विलंब हा वादक आठ मीटर दूर बसल्यासारखा. क्लिपा दाबण्यापुरते हे चालते. पण माइकचा आवाज संगणकातून फिरवून आणायचा असेल तर शाहिराला स्वतःचेच शब्द उशिरा ऐकू येतात आणि तो बावरतो. बादली लहान केली की विलंब घटतो, पण संगणकावरचा ताण वाढतो आणि भर कार्यक्रमात आवाज तडतडतो. त्यामुळे शाहिराचा माइक आम्ही संगणकात नेतच नाही, सरळ साउंडवाल्याकडे देतो. इंटरनेट बंद ठेवावे, सगळ्या क्लिपा त्याच लॅपटॉपवर उतरवून घ्याव्यात, आणि चोरीची प्रत मंचावर नेऊ नये. बटनांच्या पाटीबरोबर बहुधा लाइव्हची आठ उभ्या ओळींची धाकटी आवृत्ती मिळते. सुरुवातीला ती पुरते.

वीज जाते तेव्हाचे काय? एका गावात जनरेटरवाल्याने ऐनवेळी दगा दिला. लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता, मी बटने दाबत होतो, आणि कर्णे मुके. शाहिराने माझ्याकडे बघितलेही नाही. डफ उचलला आणि पुढची पाऊण घटका तसाच गायला. जे गीत यंत्राशिवाय उभे राहत नाही ते कार्यक्रमात घ्यायचेच नाही, हा नियम आम्ही पहिल्यापासून पाळत आलो आहोत.

हे सगळे शिकवायचे कोणी, असे शिक्षक मित्र विचारतात. माझ्या मते शिकलेली पोरे वस्तीतच आहेत. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत भीमगीतांना नवा ठेका देणारी मुले एफएल स्टुडिओ सहज चालवतात. बेल्जियममधील कंपनीचे हे सॉफ्टवेअर १९९७ साली फ्रूटीलूप्स नावाने आले. २०१३ सालच्या अकराव्या आवृत्तीपासून त्यातही मंचावर क्लिपा दाबून वाजवण्याची सोय आहे. मुले तिच्याकडे वळत नाहीत, कारण मिरवणुकीत तिची गरज पडत नाही. कर्ण्यांची भिंत हलली म्हणजे काम झाले. आपण त्यांना ‘डीजेवाले’ म्हणून हिणवतो आणि व्याख्यानमालेला येत नाहीत म्हणून तक्रार करतो. त्यांतल्या दोघांना मी पथकात आणले. ‘गाणे थांबवून माणूस बोलतो, तेव्हा खाली काय वाजवायचे’ हा प्रश्न त्यांनी पूर्वी कधी ऐकला नव्हता. महिनाभर ते त्यावर भांडत होते.

शेवटी हलगीबद्दल. माझ्या आजोबांच्या गळ्यात हलगी आली ती हौसेने नव्हे; गावकीने ती अडकवली होती. लग्न, मयत, जत्रा, सगळीकडे पुढे उभे राहून वाजवायचे आणि उरलेले घेऊन जायचे. माझ्या वडिलांनी ती टाकून दिली, आणि बरोबर केले. तेव्हा हलगीचा आवाज यंत्रात आला म्हणजे एक वादक बेकार झाला, एवढाच हिशोब मला पुरेसा वाटत नाही. पण एकदा मुद्रित केलेला ठेका शंभर कार्यक्रमांत वाजतो आणि वाजवणारा दिवसाच्या मजुरीवर घरी जातो, हीही नवी वेठच आहे. कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताचा हक्क आला, आणि व्यापारी वापर झाला तर कलावंताला मानधनाचा वाटा मिळावा ही तरतूद २०१२ साली झाली. आमच्या पथकाचा व्यवहार व्यापारी नाही. तरीही मानधन आले की हलगीवाल्याचा वाटा मंचावरच्या माणसाइतकाच काढला जातो. मुद्रणाच्या दिवशी कागदावर सही करताना त्याने एकच अट घातली : हा ठेका गावच्या देवाच्या पालखीपुढे वाजता कामा नये. ते कलम हाताने लिहून घेतले, आणि त्या क्लिपा आजही त्याच्या नावाच्या वेगळ्या फोल्डरात आहेत.