घोसाळ्याचा वेल आणि तीन ओळी
लेखमाला : पाहुणे काव्यप्रकार (भाग ६)

मागच्या भागात आपण माधव जूलियनांची ओळख करून घेतली. आपल्या राजाराम कॉलेजात फारसी शिकवणाऱ्या या कवीने रुबाई आणि गझल मराठीच्या अंगणात आणून लावली. आजचा पाहुणा जपानचा आहे : हायकू. तो मराठीत रुजवला शिरीष पै यांनी. पण त्यांच्याकडे जाण्याआधी मासाओका शिकीला भेटायला हवं, कारण आधुनिक हायकू घडला तो त्याच्या हातून.

शिकीचा जन्म १८६७ चा, शिकोकू बेटावरच्या मात्सुयामाचा. पाच-सात-पाच अशा सतरा अक्षरांची ही रचना तोवर मोठ्या साखळीकवितेची सुरुवात म्हणून ओळखली जात होती. बाशो आणि बुसोन यांनी तिला उंचीवर नेलं, पण पुढे तेच ते चंद्र आणि तीच ती फुलं घोटून ती निर्जीव झाली होती. शिकीने तिला स्वतंत्र कविता म्हणून उभं केलं. ‘निप्पोन’ या वृत्तपत्रात १८९२ पासून लेख लिहून त्याने जुन्या कवितेची झाडाझडती घेतली आणि चित्रकारांकडून एक शिस्त उचलली : समोर जे दिसतं त्याचं रेखाटन करायचं. आधी पाहायचं, मग लिहायचं.

या शिस्तीची परीक्षा त्याच्या आजारपणाने घेतली. १८९५ मध्ये तो चीन-जपान युद्धाचा वार्ताहर म्हणून गेला आणि परतीच्या जहाजावर रक्ताची उलटी झाली. क्षय मणक्यात उतरला. अखेरची वर्षं टोकियोतल्या घरात अंथरुणावर गेली, आई आणि बहीण शुश्रूषा करत होत्या. पडल्या पडल्या दिसायची ती एवढीशी बाग. तिथे घोसाळ्याचा वेल चढवला होता, कारण त्याच्या देठातून गोळा केलेलं पाणी कफावर औषध म्हणून देत. मृत्यूच्या आदल्या दिवशी, १८ सप्टेंबर १९०२ ला, फळीवरचा कागद समोर धरायला लावून त्याने तीन शेवटचे हायकू लिहिले. तिन्ही घोसाळ्यावर! मरण दारात असतानाही त्याने मृत्यूवर चिंतन केलं नाही. त्याने वेल पाहिला. तेव्हा त्याचं वय अवघं ३४ होतं.

शिरीष पै (१९२९–२०१७) या आचार्य अत्र्यांच्या कन्या. व्यासपीठं गाजवणाऱ्या, अग्रलेखांतून महाराष्ट्र हलवणाऱ्या वडिलांच्या सहवासात त्या वाढल्या. ‘नवयुग’ आणि ‘मराठा’त त्यांनी काम केलं, संयुक्त महाराष्ट्राचा लढा जवळून पाहिला. कविता, कथा, कादंबरी, नाटक असं सगळं लिहून झाल्यावर, सत्तरच्या दशकात त्या हायकूकडे वळल्या आणि तिथेच रमल्या. ‘ध्रुवा’, ‘हेही हायकू’, ‘फक्त हायकू’ हे संग्रह त्यातून आले.

शिकी आणि शिरीषताई, दोघंही वर्तमानपत्रातली माणसं होती, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. बातमीत जे घडलं ते आधी येतं, मत बाजूला राहतं. हायकूचंही तसंच. पाऊस पडला, पक्षी उडाला, एवढंच सांगायचं. दुःख झालं की आनंद, हे वाचकावर सोडायचं.

शिरीषताईंनी तीन ओळी ठेवल्या, सतरा अक्षरांचा आग्रह मात्र सोडला. त्याऐवजी पहिल्या-तिसऱ्या किंवा दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत यमक आणलं. जपानी हायकूत यमकाची अट नाही. पण अभंगात दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक ऐकत वाढलेल्या मराठी कानाला हा बदल आपलाच वाटला. हायकू इथे परका राहिला नाही, याचं श्रेय मी या निर्णयाला देतो.

आणखी एक गोष्ट जपानी कवी कटाक्षाने पाळतात : ऋतू सांगणारा एक शब्द. त्यांच्याकडे अशा शब्दांचे कोशच आहेत. आपल्याकडे त्यांची वाण नाही. चैत्रात जोतिबाची सासनकाठी आणि गुलाल, थंडीत गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा धूर. आणि आषाढ-श्रावणात राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी! ‘किती फुटांवर आहे?’ असं कुणी विचारलं की महिना सांगावा लागत नाही. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. हा आपला ऋतुकोश आहे आणि तो अजून कुणी कवितेत पुरता उघडलेला नाही.

नव्याने लिहिणाऱ्यांना म्हणूनच आग्रहाने सांगतो, हायकू छोटा आहे म्हणून सोपा समजू नका. चेरीचा बहर आणि बर्फ उसने आणू नका. पंचगंगेच्या घाटावर जा, जे दिसेल ते नीट पाहा आणि पाहिल्यापेक्षा एक शब्दही जास्त लिहू नका.

(पुढच्या आठवड्यात : कवी अनिल आणि मुक्तछंद)