विश्लेषण : ‘मारिओ’, ‘कॉन्ट्रा’चा जुना व्हिडिओ गेम पुन्हा का हवासा वाटतोय?

२०२५ या एकाच वर्षात दोन गोष्टी घडल्या. १९९४मध्ये दिवाळखोरीत निघालेल्या कमोडोर या कंपनीचे नाव क्रिस्टियन सिम्पसन या यूट्यूबरच्या पुढाकाराने विकत घेतले गेले आणि १९८२च्या ‘कमोडोर ६४’ या घरगुती संगणकाची नवी आवृत्ती विक्रीला आली. दुसरीकडे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चा नेहमीचा मोफत सपोर्ट थांबवला. त्यामुळे जगभरातील असंख्य संगणक, ज्यांचा स्क्रीन, कीबोर्ड आणि प्रोसेसर अगदी ठणठणीत आहे, केवळ ‘विंडोज ११’च्या अटींत बसत नाहीत म्हणून जुने ठरले. चाळीस वर्षांपूर्वीचे यंत्र नवे होऊन परत येते आणि आठ-नऊ वर्षांपूर्वीचे चालू यंत्र बाद होते. जुन्या संगणक-गेमच्या सध्याच्या ओढीमागे ही विसंगती आहे. आठवणी आहेतच, पण विकत घेतलेली वस्तू आपली राहते का, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

ही लाट केव्हापासूनची?

निन्टेन्डोने नोव्हेंबर २०१६मध्ये आपल्या १९८०च्या दशकातील यंत्राची तळहातावर मावणारी आवृत्ती काढली. त्यात ३० गेम आधीच भरलेले होते. पाठोपाठ इतरांनीही तेच केले. २०१७मध्ये ‘नोकिया ३३१०’ ‘स्नेक’सह परतला, २०२४मध्ये ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ या ब्रिटिश संगणकाची नवी प्रत आली. एप्रिल २०२४मध्ये अॅपलने जुन्या गेम यंत्रांचे ‘एम्युलेटर’ अॅप स्टोअरवर येऊ दिले. एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राचे सोंग हुबेहूब वठवणारे सॉफ्टवेअर. त्यामुळे आता आयफोनवरही जुने गेम चालतात.

नव्या कमोडोरमध्ये मात्र सोंग सॉफ्टवेअरचे नाही. त्यात ‘एफपीजीए’ नावाची चिप आहे. या चिपच्या आतील जोडणी हवी तशी बदलता येते, म्हणून ती जुन्या सर्किटसारखीच जोडली की यंत्र मूळ यंत्रासारखेच वागते.

आपल्याकडचा ‘व्हिडिओ गेम’ कोणता होता?

कमोडोर किंवा स्पेक्ट्रम भारतातील फार थोड्या घरांत पोहोचले. १९८४मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या सरकारी प्रकल्पातून काही निवडक शाळांत ‘बीबीसी मायक्रो’ संगणक आले होते, पण ते कुलूपबंद खोलीत, बूट बाहेर काढून बघायचे यंत्र. महाराष्ट्रातील नव्वदच्या दशकातील मुलांच्या आठवणीत आहे तो टीव्हीला जोडायचा ‘व्हिडिओ गेम’. मे महिन्याच्या सुट्टीत तो भाड्यानेही मिळत असे.

हा संच मूळ जपानी नव्हता. निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ हे यंत्र विक्रीला आणले. पुढे तैवानमध्ये त्याच्या चिपच्या नकला तयार झाल्या आणि त्यांवर बेतलेले स्वस्त संच जगभर गेले. रशियात ‘डेंडी’, पोलंडमध्ये ‘पेगॅसस’. भारतात ‘समुराई’, ‘लिटल मास्टर’ आणि अशाच कितीतरी नावांनी. निन्टेन्डोचे नावही न ऐकलेल्या घरांत मारिओ पोहोचला तो या नकलांमुळे. आपल्याकडे गेमच्या कार्ट्रिजला सरळ ‘कॅसेट’ म्हटले जायचे. ‘९९९९९९९ इन १’ असे लिहिलेली कॅसेट तर घरोघरी होती. तिच्यात प्रत्यक्षात मोजकेच गेम असायचे. तेच वेगवेगळ्या टप्प्यापासून सुरू करून यादी लांबवलेली असायची.

बिघडले तर दुरुस्त करून घ्यायचीही सोय होती. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, गावात टीव्ही दुरुस्त करणारा. कंट्रोलरची वायर तुटली की डाग लावून मिळे. कोणत्याही कंपनीची परवानगी लागत नसे.

४० किलोबाइटमध्ये काय मावायचे?

१९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा संपूर्ण गेम ४० किलोबाइटचा आहे. व्हॉट्सअॅपवर रोज येणारा ‘शुभ सकाळ’चा एक फोटोही बहुतेक वेळा याहून जड असतो. यंत्राची कामाची मेमरी होती २ किलोबाइट. इतक्या जागेत बत्तीस टप्पे बसवायचे तर काटकसर करावीच लागे. मारिओमधील ढग आणि झुडपे नीट पाहा: आकार एकच आहे, फक्त रंग बदलला आहे.

‘डक हंट’ची बंदूक हा त्याहून भन्नाट प्रकार. बंदुकीतून काहीच बाहेर पडत नसे. उलट तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा सेन्सर होता. चाप ओढला की स्क्रीन क्षणभर पूर्ण काळा होई आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. बंदुकीला आधी अंधार आणि मग उजेड दिसला, की बदक पडले. दोन बदके असतील तर पांढरे चौकोन एकामागोमाग एक उमटत, म्हणजे कोणत्या क्षणी उजेड दिसला त्यावरून कोणते बदक ते कळे. बंदूक दिव्याकडे रोखून फसवण्याचा प्रयत्न अनेकांनी केला असेल. तो फसायचा, कारण आधीचा अंधार त्यात नसे. हे सारे जुन्या, खोक्यासारख्या टीव्हीच्या वेगावर अवलंबून होते. आजचे एलईडी टीव्ही चित्रावर प्रक्रिया करून ते किंचित उशिरा दाखवतात. तेवढ्या उशिराने बंदूक आंधळी होते. म्हणूनच जुन्या गेमचे शौकीन भंगारातून खोक्याचे टीव्ही शोधत फिरतात.

सांगायचा मुद्दा हा, की त्या यंत्रात काय चालले आहे हे शाळकरी मुलालाही समजावता येते. आजच्या फोनबाबत ते अभियंत्यालाही जड जाईल.

मग आजच्या तंत्रज्ञानाबद्दल अस्वस्थता कशाची?

कॅसेट विकत घेतली की व्यवहार तिथेच संपत असे. लॉगिन नाही, अपडेट नाही, जाहिरात नाही, ‘अटी मान्य आहेत का’ असा प्रश्न नाही. ती मित्राला देता येई, विकता येई, अदलाबदलीत दुसरी घेता येई. आज ‘बाय’ असे लिहिलेले बटण दाबून जे मिळते तो बहुतांश वेळा वापराचा परवाना असतो आणि तो काढूनही घेता येतो.

याचे सर्वात गाजलेले उदाहरण म्हणजे ‘द क्रू’ हा २०१४चा कार शर्यतीचा गेम. एकट्याने खेळायचा असला तरी त्याला कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेले राहावे लागे. ३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्टने सर्व्हर बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला गेम निकामी झाला. डिस्क घरात, गेम नाही. यातून रॉस स्कॉट या यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. कंपनीने सपोर्ट थांबवताना गेम खेळण्याजोग्या अवस्थेत ठेवावा, एवढीच तिची मागणी. युरोपीय संघाकडे दाद मागण्यासाठी १० लाख सह्या लागतात. जुलै २०२५पर्यंत हा आकडा पार झाला. कॅलिफोर्नियाने तर १ जानेवारी २०२५पासून कायदाच लागू केला: ग्राहकाला फक्त परवाना मिळणार असेल, तर तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय विक्रेत्याला ‘बाय’ हा शब्द वापरता येणार नाही.

भारतातील तरुणांना हा अनुभव ‘पबजी’ने दिला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला भारतातील सर्व्हर बंद झाले. खेळाडूंनी पोशाख आणि बंदुकीच्या ‘स्किन’वर घातलेले पैसे अधांतरी राहिले. जुलै २०२१मध्ये ‘बीजीएमआय’ नावाने गेम परतला, तेव्हा जुन्या खात्यातील काही माल नव्या खात्यात आणता आला. पुढल्याच वर्षी तोही अॅप स्टोअरमधून काढला गेला, २०२३मध्ये पुन्हा आला. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. पण दर वेळी खेळणाऱ्याच्या हाती वाट पाहण्यापलीकडे काही नव्हते. ‘कॉन्ट्रा’ची कॅसेट अशी कुणाला काढून नेता आली नसती.

आता कॅसेटसुद्धा पूर्वीची राहिलेली नाही. २०२५मध्ये आलेल्या ‘निन्टेन्डो स्विच २’च्या काही गेमकार्डांत गेमच नसतो, फक्त किल्ली असते आणि गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. त्यात २०२५च्या अखेरीस एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे मेमरी चिप महागल्या आणि मायक्रॉनने ‘क्रुशिअल’ हा सामान्य ग्राहकांसाठीचा रॅमचा ब्रँड बंद करण्याची घोषणा केली. घरी स्वतः संगणक जोडणाऱ्यांना त्यातून मिळालेला संदेश स्पष्ट होता: तुम्ही आता पहिल्या रांगेतले गिऱ्हाईक नाही.

म्हणजे जुने ते सगळे सोने?

अजिबात नाही. जुने गेम इतके कठीण का, याची दोन साधी कारणे आहेत. पार्लरमधील गेम मुलांच्या खिशातील नाणी काढण्यासाठीच रचलेले होते. घरातील गेम मोजक्या किलोबाइटचे; सोपे केले असते तर अर्ध्या तासात संपले असते. ‘कॉन्ट्रा’त तीसाव्या सेकंदाला मरायला होते ते यामुळेच. स्पेक्ट्रमचा गेम टेपवरून चढायला काही मिनिटे लागत आणि मध्येच अडकला की पुन्हा पहिल्यापासून. ‘आमच्या वेळी’ म्हणणारे हे सोयीस्करपणे विसरतात. शिवाय जुन्याची ओढ हासुद्धा आता धंदा आहे. ज्या कंपन्या आज परवाने विकतात, त्यातल्याच काही आपले तीस वर्षांपूर्वीचे गेम मासिक वर्गणीत घालून पुन्हा विकतात.

कायदा कुठे उभा आहे?

इथे गोष्ट गुंतागुंतीची होते. एम्युलेटर बनवणे हे मुळात बेकायदा नाही, हे अमेरिकी न्यायालयांनी २०००च्या सुमारास सोनीच्या खटल्यांत मान्य केले. पण त्यावर चालणाऱ्या गेमची प्रत परवानगीशिवाय उतरवणे हा कॉपीराइटचा भंग आहे. भारतीय कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला हानीपासून बचावासाठी बॅकअप प्रत काढू देते. मात्र आपल्याकडच्या बहुतेक कॅसेट मुळातच नकली होत्या. त्यांच्या मालकाला हे संरक्षण मिळेल असे मानणे कठीण. ऑनलाइन दोन-तीन हजारांत हजारो गेम भरून मिळणारी हातातील खेळणी हाच जुना खेळ नव्या खोक्यात करतात.

तरीही नकलांना सरसकट दोष देता येत नाही. अमेरिकेतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३मध्ये केलेल्या अभ्यासानुसार, तिथे २०१०पूर्वी प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज कायदेशीररीत्या विकतच मिळत नाहीत. संशोधकांना ग्रंथालयातील असे गेम घरून पाहता यावेत, ही मागणी ऑक्टोबर २०२४मध्ये तेथील कॉपीराइट कार्यालयाने फेटाळली. म्हणजे कंपनी विकत नाही, ग्रंथालय देऊ शकत नाही. उरतो तो बेकायदा मार्ग, आणि आज गेमचा बराचसा इतिहास तिथेच जिवंत आहे. भारतातील नकली संचांचे तर विक्रीचे आकडे, जाहिराती, जुळणी करणारे कारखाने यांची नोंद एकत्र कुठे सापडणे कठीण.

माळ्यावरचा संच सुरू करायचा असेल तर?

पहिली गोष्ट, कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. फुंकरीने गेम सुरू होतो असे वाटते, कारण कॅसेट काढून पुन्हा बसवताना पट्ट्या नीट टेकतात. तोंडातील ओलाव्याने मात्र त्या गंजतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तांब्याच्या पट्ट्या पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मूळ अॅडाप्टर हरवला असेल तर संचाच्या तळाशी लिहिलेला व्होल्टेज आणि अधिक-उण्याची खूण पाहूनच दुसरा घ्या. हाताला लागेल तो जोडला तर यंत्र जळू शकते. नव्या टीव्हीला पिवळ्या-पांढऱ्या एव्ही पिनांची जागा नसेल तर एव्हीचे एचडीएमआय करणारा छोटा डबा मिळतो. ज्या कॅसेटमध्ये खेळ ‘सेव्ह’ होत असे तिच्या आत नाण्यासारखी बॅटरी असते. ती इतक्या वर्षांत संपली असणार. ती बदलता येते, पण जुना सेव्ह गेलेला असतो. आणि ‘डक हंट’साठी शेजारीपाजारी कुणाकडे जुना खोक्याचा टीव्ही पडून आहे का, ते आधी विचारा.