पाणबुड्याची परतीची वाट

खोल पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्याला मोठे भय खाली जातानाच असते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्याची खरी कसोटी वर येताना लागते.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे पाये १८७० नंतर घातले गेले. नदीच्या तळाशी उपड्या पेटीसारख्या प्रचंड कोठ्या बसवून त्यांत दाबलेली हवा भरीत, आणि मजूर आत खणीत. काम चालू असेतो त्यांना काही होत नसे. बाहेर आल्यावर मात्र सांधे असह्य ठणकत, कोणाचे पाय लुळे पडत, कोणी प्राणास मुकत. मुख्य अभियंते वॉशिंग्टन रोबलिंग हेही १८७२ मध्ये या व्याधीने जायबंदी झाले. पुढे पत्नी एमिली त्यांच्या सूचना कामावर पोहोचवीत असत. पूल १८८३ मध्ये खुला झाला.

या व्याधीचे कारण फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्ये स्पष्ट केले. दर १० मीटर खोलीस शरीरावरील दाब एका वातावरणाने वाढतो. त्या दाबाखाली श्वासातील नायट्रोजन रक्तात व मेदात अधिकाधिक विरघळतो. दाब एकाएकी उतरला, की सोड्याची बाटली उघडताच बुडबुडे उसळावेत तसा तो शरीरातच उसळतो. हेच बुडबुडे रक्तवाहिन्या अडवितात व मज्जारज्जूस इजा करतात.

यावर ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून उपाय शोधला. टप्प्याटप्प्याने थांबत वर येण्याची त्यांची कोष्टके १९०८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचे पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वतः दाबकोठीत बसून निरनिराळ्या वायूंचे परिणाम अनुभवले. तेच पुढे भारतात स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले.

वायूंचे मिश्रण बदलण्यामागे आणखीही कारणे आहेत. सुमारे ३० मीटरांखाली नायट्रोजन मद्याप्रमाणे बुद्धी भ्रमित करतो. प्राणवायूसुद्धा फार दाबाखाली विषारी ठरून झटके आणतो. म्हणून अधिक खोलीसाठी प्राणवायूचे प्रमाण घटवून त्यात हेलियम मिसळतात. १९३९ मध्ये बुडालेली ‘स्क्वालस’ ही अमेरिकन पाणबुडी वर काढताना असेच मिश्रण उपयोगी पडले. हेलियमने बुद्धी शाबूत राहते. मात्र शरीराची ऊब झपाट्याने हरपते आणि आवाज चिरका होतो.

परंतु हेलियमही शरीरात विरघळतोच. मिश्रण कोणतेही असो, सावकाश वर येण्यावाचून सुटका नाही. वर उजेड दिसत असतो, सोबती वाट पाहत असतात. तरीही पाणबुड्याला दोरीला धरून थांबावे लागते. ते थांबणे हाच त्याच्या विद्येचा सर्वांत कठीण भाग होय.