कोळोशीच्या गुहेची साक्ष

पॉसिडॉन या ग्रीक सागरदेवतेची कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर मिळालेली ब्राँझची छोटी मूर्ती टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात ज्याने लहानपणी पाहिली आहे, त्या कोल्हापूरकराच्या मनात सह्याद्रीचे घाट आणि कोकणची बंदरे यांचा संबंध रोमशी चाललेल्या व्यापाराशी कायमचा जडलेला असतो. १९४५-४६ साली डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी त्या टेकडीचे रीतसर उत्खनन केले, आणि सातवाहनकाळ ही आमच्या प्राचीनत्वाची जणू सरहद्दच ठरून गेली. त्या सरहद्दीपलीकडचा मुलूख पाहावयाचा असेल, तर राधानगरी-दाजीपूरच्या रस्त्याने फोंडा घाट उतरून कणकवली तालुक्यातील कोळोशीस जावे लागते.

रानात दडलेली, जेमतेम ३८ चौरस मीटरची तेथील नैसर्गिक गुहा अलीकडच्या काळात संशोधकांच्या दृष्टीस पडली. कोल्हापूरजवळच्या पोहाळ्याची कोरीव लेणी पाहून सरावलेला प्रवासी येथे निराश होईल, कारण तीत ना स्तंभ, ना शिलालेख. परंतु आत चर खणून माती चाळणीत घातली गेली, तेव्हा लहानमोठी दगडी हत्यारे हाती आली, आणि त्यांतली बारीक सूक्ष्मास्त्रे मध्याश्मयुगाच्या वळणाची निघाली. सूक्ष्मास्त्र म्हणजे बोटाच्या पेराएवढे गारगोटीचे किंवा अकीकाचे पाते. सुटे असता ते क्षुल्लक दिसते, पण लाकडी दांड्याच्या खाचेत डिंकाने ओळीने बसवले की त्याचे धारदार शस्त्र होते, आणि एखादे पाते मोडले तर तेवढेच बदलता येते.

या पात्यांचे खरे मोल कळण्यास मात्र रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर, चढावे लागते. तेथील जांभ्यावर कोरलेली कातळशिल्पे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या चिकाटीच्या माणसांनी गावोगाव हिंडून उजेडात आणली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब असून त्याच्या पोटात इतर प्राण्यांची गर्दी कोरलेली आहे. अन्यत्र मासे आहेत, आणि कोकणात आज औषधालाही न सापडणारा गेंडाही आहे. अडचण एकच, पण ती मोठी: उघड्या कातळावर मातीचे थर साचत नाहीत, आणि थर नाहीत तेथे कालगणनेला आधार नाही. खाली सखल भागात माती आहे, तर मुसळधार पाऊस आणि आम्लधर्मी जमीन यांनी हाडांचा मागमूस ठेवलेला नाही. छपराखाली थर शाबूत ठेवणारी गुहा हेच काय ते कोकणचे जुने दप्तर.

हे दप्तर वाचण्याची रीत मोठी नाजूक. कोळसा मिळाला तर किरणोत्सर्गी कार्बनावरून सुमारे ५०,००० वर्षांपर्यंत मागे जाता येते. तो न मिळाल्यास वाळूच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला हे मोजतात. त्यासाठी थरात धातूची नळी ठोकून तिची दोन्ही तोंडे तत्काळ बंद करावी लागतात, कारण उजेडाची तिरीप लागली तरी तो दाखला रद्द होतो. म्हणूनच हौशी मंडळींनी अशा गुहेत कुदळ घालणे मला अक्षम्य वाटते: खणलेला थर पुन्हा रचता येत नाही.

किनाऱ्याला अधिक लागून असलेली गुहागर तालुक्यातील सुसरोंडीची गुहा डेक्कन कॉलेजचे डॉ. अशोक मराठे यांनी कोळोशीच्या आधीच प्रकाशात आणली होती, आणि ती पुराश्मयुगीन असल्याचे त्यांचे प्रतिपादन २००६ साली प्रसिद्ध झाले. मात्र ‘किनारा’ म्हणताना सावध राहिले पाहिजे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमयुगाच्या ऐन भरात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा अदमासे १२० मीटर खाली होती आणि लाटा कित्येक कोस पश्चिमेस फुटत होत्या. त्या काळच्या माणसाचे किनारी तळ, असतीलच तर, आज अरबी समुद्राच्या तळाशी आहेत.

गुहेतील हत्यारांवरून ‘लुप्त संस्कृती’ सापडल्याची जी हाकाटी झाली, ती मला उतावीळ वाटते. हत्यारे करणारा हात आणि हत्ती कोरणारा हात एकच होता, हे अद्याप शाबीत व्हावयाचे आहे. त्यासाठी सड्यांलगतच्या आणखी गुहा धुंडाळाव्या लागतील. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत रुजू झालेली नऊही स्थळे कातळशिल्पांची आहेत, गुहा त्यांत एकही नाही. आणि चिरेखाणी तर सड्यांवर रोज पुढे सरकत आहेत.