खडा, टिकली आणि त्यांचे हत्यार : पिंगुळीच्या बाहुलीच्या निमित्ताने

विभागाच्या वस्तुप्रदर्शनासाठी गेल्या वर्षी आम्ही एक सूत्रबाहुली सजवावयास घेतली. तिच्या मखमली अंगरख्यावर काचेचे खडे बसवावयाचे होते. प्रस्तुत लेखकाने बाजारातून विजेवर तापणारी, लेखणीच्या आकाराची एक दांडी आणली आणि पहिल्या दहा मिनिटांतच अंगरख्याच्या छातीवर रुपयाएवढा चट्टा पाडला. मखमलीची लव आडवी झाली ती पुन्हा उठली नाही. खडे मात्र दुसऱ्या दिवशी गळून पडले. हत्यार सदोष नव्हते, निवड सदोष होती. ती कोणत्या तत्त्वावर करावयास हवी होती, याचा विचार करीत असता असे दिसून आले की या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मराठी क्रियापदांतच सांठलेले आहे. म्हणून हा विषय या पत्रिकेत मांडण्याचे धाडस करीत आहे.

आमच्यापुढे नमुना होता तो पिंगुळीचा. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कुडाळ तालुक्यातील हे गाव ठाकर समाजाने जतन केलेल्या तीन कलांमुळे सर्वश्रुत आहे : चित्रकथी, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि कळसूत्री बाहुल्या. श्री. परशुराम विश्राम गंगावणे यांनी २००६ साली आपल्या गुरांच्या गोठ्यात ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभे केले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. या तिन्ही कलांतील अलंकरणाची रीत पाहण्याजोगी आहे. चित्रकथीत दागिना रंगाने येतो. छायाबाहुलीत तो छिद्राने येतो. चामड्यातून द्रव्य काढून घ्यावे आणि तेथून प्रकाश जाऊ द्यावा, म्हणजे दागिना चमकतो. कळसूत्री बाहुली तेवढी कापड नेसते आणि तिच्याच बाबतीत बाहेरून काही आणून लावण्याचा प्रसंग येतो.

‘लावणे’ हे क्रियापद आम्ही सहज वापरले, आणि घोटाळा येथेच आहे. व्यवसायशब्दांच्या संग्रहासाठी विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या प्रश्नावलीतही ‘कापडाला खडे कसे लावता?’ असाच प्रश्न होता. वस्तुतः ‘लावणे’ ही एक ढोबळ क्रिया असून तिच्या पोटात शिवणे, टाचणे, चिकटवणे, जडवणे, ठोकणे अशा भिन्न क्रिया आहेत. प्रत्येकीचे हत्यार ठरलेले आहे. त्याहून उद्बोधक गोष्ट अशी की प्रत्येकीची उलटी क्रियाही भाषेने वेगळी ठेवली आहे. शिवलेले उसवतात. ठोकलेले उचकटतात. चिकटवलेले खरवडतात. उसवल्यावर कापड बहुधा शाबूत राहते. उचकटल्यावर भोके राहतात. खरवडताना कापडाचा पृष्ठभागच निघून येतो. हत्यार निवडताना खडा कसा बसेल एवढेच आपण पाहतो. तो पुढे कसा निघेल, हे आधी पाहिले असते तर मखमलीवर चट्टा पडला नसता.

हत्यारांकडे वळण्यापूर्वी वस्तूंच्या नावांविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. ज्या काचमण्याला इंग्रजीत ‘ऱ्हाइनस्टोन’ म्हणतात, त्याचे नाव ऱ्हाइन नदीत सापडणाऱ्या स्फटिकाच्या गोट्यांवरून पडले. त्याची काचेची प्रतिकृती अठराव्या शतकात पॅरिसचा जवाहिऱ्या गेओर्ग फ्रीडरिश श्ट्रास याने लोकप्रिय केली, म्हणून युरोपातील अनेक भाषांत तिला ‘श्ट्रास’ हेच नाव आहे. आपल्याकडे ‘खडा’ म्हणजे नदीकाठचा गोटाही आणि अंगठीतले रत्नही. उसनवारी न करता दोन्ही भाषा एकाच वाटेने गेल्या. टिकलीला मात्र इंग्रजीत ‘सीक्विन’ म्हणतात. तो व्हेनिसच्या ‘झेक्कीनो’ या सोन्याच्या नाण्याचा अपभ्रंश असून त्याच्या मुळाशी अरबी ‘सिक्का’, म्हणजे नाणे पाडण्याचा ठसा, हा शब्द आहे. तोच शब्द फारसीमार्गे येऊन आपला ‘शिक्का’ झाला. कचेरीतील शिक्का आणि बाहुलीच्या शेल्यावरील टिकली यांचे परदेशी नाव अशा रीतीने एकाच घरचे ठरते.

आता हत्यारे. भोक असलेली टिकली किंवा कडेला छिद्रे असलेला खडा असेल तर दोन पर्याय संभवतात : सुई आणि आरी. आरी हे मुळात चांभाराचे हत्यार. संस्कृत ‘आरा’ हा शब्द इतका जुना आहे की ऋग्वेदात पूषन् या देवतेच्या हाती तो आढळतो. मराठीत पराणीच्या टोकाच्या खिळ्यास ‘आर’ म्हणतात, तोही याच कुळातला. कच्छमधील मोच्यांनी आरीच्या टोकाला आकडा देऊन चामड्यावरची कारागिरी कापडावर आणली. कापड चौकटीवर ताणावयाचे, दोरा खालच्या हातात धरावयाचा आणि वरून आकडा खुपसून तो फासाफासाने वर ओढावयाचा, अशी ही साखळीटाक्याची पद्धत आहे. सरावलेल्या हाताचा वेग सुईच्या कितीतरी पट असतो. पडदा, झूल, ओढणी अशा विस्तृत आणि सपाट कापडाला आरीच योग्य.

परंतु तिच्या दोन अटी आहेत. कापड ताणलेले हवे, म्हणजेच ते शिवून अंगावर चढण्यापूर्वीच काम उरकले पाहिजे. बाहुलीचा अंगरखा लाकडी धडावर एकदा बेतून बसला की तो चौकटीवर जाऊ शकत नाही. दुसरे असे की साखळीटाक्याचे टोक नीट अडकवले नसेल आणि ते ओढले गेले, तर फासामागून फास सुटत जातो आणि ओळीच्या ओळी टिकल्या ओघळतात. प्रयोग चालू असताना असे झाले तर सूत्रधाराने करावे काय? सुईने दर दोन-तीन टिकल्यांमागे गाठ मारून केलेले काम हळू होते. पण एक टाका तुटला तर एखाददुसरी टिकली जाते, रांग टिकते. सुई बारीक असावी, टिकलीच्या भोकातून दोनदा जाईल इतकी. जाड सुई टिकली तडकवते.

ज्या खड्याला भोकच नाही, पाठ सपाट आहे आणि पाठीवर उष्णतेने वितळणारा गोंद आधीच थापलेला आहे, त्याच्यासाठी ती तापणारी दांडी. तिच्या टोकाला खड्याच्या मापाची पितळी वाटी बसवतात. उष्णता काचेतून गोंदापर्यंत जाते, गोंद वितळून धाग्यांत शिरतो आणि थंड झाल्यावर घट्ट धरतो. खड्याचा क्रमांक म्हणजे मिलिमीटर नव्हे, हे नवशिक्याने ध्यानी ठेवावे : १६ क्रमांकाचा खडा सुमारे ४ मिलिमीटरचा असतो. वाटी सैल असेल तर खडा तिरका बसतो आणि घट्ट असेल तर वाटीतच अडकतो. सुती कापडावर हे हत्यार उत्तम चालते. नायलॉनसारखे कापड मात्र स्वतःच वितळू लागते. मखमलीत गोंद लवेच्या टोकांनाच धरतो, मुळाशी पोहोचत नाही. आमचे खडे का गळले, त्याचे कारण हेच. खड्याच्या पाठीचा चकाकणारा मुलामा ओलाव्याने काळवंडतो, हाही दोष आहेच.

तिसरा प्रकार दात्यांचा. धातूच्या फुलीला मागे दाते असतात; ते कापडातून आरपार घालून मागल्या बाजूस वळवतात. खडा असेल तर उलट : वाटीचे दाते कापडाच्या मागून पुढे येतात आणि खड्याच्या कडेवर मिटतात, म्हणजे सोनाराच्या कोंदणाचाच हा सोपा अवतार. यासाठी पकड चालते, परंतु पकडीने दाते एकामागून एक वळत असल्याने खडा कलतो. दट्ट्याचे हातयंत्र सगळे दाते एकाच दाबात मिटवते. दोन भागांच्या खिळ्यांना, म्हणजे रिव्हेटांना, भोक पाडण्याचा ठोका, लहानशी ऐरण आणि हातोडी लागते. टिचबटणाचे दाबयंत्र असलेल्या शिंप्याकडे योग्य साचा मिळाल्यास हे कामही होते. जाड कापड, चामडे, पट्टा यांना हे सर्व शोभते. मलमलीला नव्हे, कारण दात्याचे भोक वजनाने वाढत जाते.

कळसूत्री बाहुलीपुरता विचार करता निर्णय त्या नावातच आहे. कळ आणि सूत्र, म्हणजे युक्ती आणि दोरा. बाहुलीचे हात हलवणारे दोरे अंगरख्याला घासत जातात. दात्याची एक कड उघडी राहिली की दोरा तेथे अडकतो आणि भर प्रसंगी बाहुलीचा हात वर राहतो. धातूच्या फुल्या वजनदार असतात, आणि टांगलेल्या बाहुलीच्या एका खांद्यावर थोडे अधिक वजन पडले तरी तिची चाल बदलते. त्यातून कोकणची हवा. पावसाळ्यात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, एरवी समुद्राची खार; लोखंडी दाते गंजून कापडावर तांबडे डाग पडतात. दाते वापरावयाचेच असतील तर पितळेचे वापरावेत. दशावतारी नटाच्या जाड कमरपट्ट्याला ते चालतील. बाहुलीला टिकली आणि सुई. जुना, संग्रहात ठेवण्याजोगा पेहराव असेल तर सुईखेरीज दुसरे कोणतेही हत्यार त्याच्याजवळ नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वस्त आणि जलद म्हणून तापत्या दांडीने नवे खडे बसवलेला जुना अंगरखा पुढच्या अभ्यासकाला मूळ स्थितीत कधीच पाहावयास मिळणार नाही.

प्रश्नावलीत आम्ही दुरुस्ती केली आहे. ‘कसे लावता?’ हा प्रश्न काढून त्याजागी दोन घातले : ‘हे कशाने केले?’ आणि ‘हे काढायचे झाले तर काय कराल?’ पहिल्या प्रश्नाने हत्याराचे नाव मिळते, दुसऱ्याने क्रियापद. ज्यांना हे काम पुढे न्यावयाचे आहे त्यांनी मालवणी बोलीतील ही क्रियापदे आपल्या प्रमाण मराठीच्या साच्यात न बसवता जशी ऐकू येतील तशी टिपावीत.

अंगरख्यावरील चट्टा अर्थातच गेला नाही. त्यावर तीन संध्याकाळी बसून विद्यार्थिनींनी टिकल्यांचा एक आडवा पट्टा सुईने शिवला. प्रदर्शन संपेपर्यंत त्यांतील दोन टिकल्या निसटल्या होत्या. त्या जागच्या जागी पुन्हा शिवून घेतल्या.